ऑफिसात अखंड लर्निंग सप्ताह कसा बसवावा

सगळ्यात आधी नाव ठरवा. शिकवायचं काय ते नंतर बघू, पण नावात ॲकॅडमी नाहीतर युनिव्हर्सिटी पाहिजेच, नुसतं ट्रेनिंग म्हटलं की लोक विचारतात नाश्ता आहे का. मग तुमच्या रबाळे एमआयडीसीतल्या ऑफिसची ती अडगळीची खोली, जिथे बंद पडलेले सीपीयू आणि गणपतीचं थर्माकोलचं जुनं मखर ठेवलंय, ती रिकामी करा, चार पिवळ्या बीन बॅग टाका आणि दारावर लर्निंग झोन अशी पाटी लावा. मखर कुठे ठेवायचं यावरून ॲडमिन आणि एचआरमध्ये दोन मेल होतील, शेवटी ते लर्निंग झोनमध्येच राहील, राहू द्या.

आता ऑनलाइन कोर्सचं पोर्टल घ्या. माणशी लायसन्स, वर्षाला प्रत्येकी 40 तासांचं टार्गेट, आणि ते थेट अप्रेजलला जोडून टाका म्हणजे आवड आपोआप निर्माण होते. फक्त कामाच्या वेळेत कोणाला कोर्स करू देऊ नका, काम कोण करणार मग? लोक हुशार असतात, ते ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर पकडतानाच मोबाईलवर व्हिडिओ दुप्पट स्पीडने, म्यूटवर लावून देतात. दिघा गावपर्यंत लीडरशिप संपते, ऐरोलीला नेगोशिएशन, आणि रबाळेला दारात उभ्या माणसाला कोपराने ढकलून उतरता उतरता एम्पथीचं सर्टिफिकेट येतं. (हे मी स्वतः केलंय, माणूस चिडला होता, पण सर्टिफिकेट आलं.)

तरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ध्या स्टाफचे तीस-तीस तास बाकी असणारच, घाबरू नका. गावाकडे सप्ताहात कसं, वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, पहारे लावून गळ्या-गळ्यात फिरवायची, तसंच इथे माऊस. नव्या ट्रेनीला बसवा, सकाळच्या पहाऱ्याला तो सेल्सवाल्यांच्या नावाने नेक्स्ट नेक्स्ट करेल, दुपारी दुसरा ट्रेनी पर्चेसच्या नावाने. क्विझला कितीही अटेम्प्ट असतात, चार पर्यायांतला सगळ्यात लांब लिहिलेला पर्याय बहुतेक बरोबर असतो, हे एकदा कळलं की फायर सेफ्टीपासून जीएसटीपर्यंत कशातच कोणी नापास होत नाही. काल्याला पिझ्झा.

बरं, शिकले की नाही हे मोजायचं कसं? डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1959 सालीच चार पायऱ्या सांगून ठेवल्यात, लोकांना ट्रेनिंग कसं वाटलं, काय शिकले, कामात काही फरक पडला का, आणि कंपनीला शेवटी काय मिळालं. तुम्ही पहिल्या पायरीवर बसा, तिथे हवा चांगली असते. फॉर्ममध्ये पाच स्मायली द्या, लोक एसी आणि समोशाला मार्क देतील, सरासरी साडेचारच्या वर जाते. वर चढलात तर तिसऱ्या पायरीवर कोणीतरी विचारणार की कस्टमर कंप्लेंट हँडलिंगचं ट्रेनिंग तीनदा झालं तरी कंप्लेंटचा मेल उचलायला अजून आठवडा का लागतो. कशाला?

आणि एकदा शिकवलेलं परत घोकून घेऊ नका हं. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून (आपण कंपनी व्हॅल्यूज करतो तशीच) स्वतःवर प्रयोग केले आणि 1885 मध्ये लिहून ठेवलं की माणूस सुरुवातीलाच धाडकन विसरतो, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो, आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर टिकतं. उजळणी केली, टिकलं, तर पुढच्या वर्षी त्याच ट्रेनरला त्याच पीपीटीसकट बोलवायचं कसं? व्हेंडरचा पण विचार करायला हवा.

चुकांचं मात्र जपून. टोयोटाच्या कारखान्यात म्हणे लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला गडबड दिसली की तो दोरी ओढतो, सुपरवायझर धावत येतो, लगेच सुटलं नाही तर लाइनच थांबते, आणि मग सगळे मिळून ही गडबड मुळात झाली का ते शोधतात. आपल्याकडे पण दोरी बांधा, पाहुण्यांना दाखवायला छान दिसते. फक्त कोणी ओढलीच तर पहिला प्रश्न "कोणी ओढली?" असा ठेवा. परत ओढत नाहीत. एमी एडमंडसन या बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद कमी नाही, उलट जास्त सापडली, कारण तिथले लोक चुका लपवत नव्हते, बोलत होते. म्हणजे रजिस्टर कोरं हवं असेल तर लोकांना घाबरवून ठेवणं हाच उपाय, आमचं गेली तीन वर्षं कोरं आहे, ऑडिटरने कौतुक केलं. रिजेक्शनचा माल मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली असतो.

कधीतरी एखादं माणूस आपणहून शिकतं, तिकडे लक्ष ठेवा. आमच्या अकाउंट्समधल्या एका मुलीने रात्री घरी बसून एक्सेलचे मॅक्रो शिकले आणि तीन तासांचं रिकन्सिलिएशन दहा मिनिटांवर आणलं. लगेच तिला शेजारच्या दोघांचं काम पण देण्यात आलं, पगार तोच. दिवाळीपर्यंत अख्ख्या फ्लोअरवर मॅक्रोबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

राहिले आमचे मेंटेनन्सचे काका. तीस वर्षं मशीनच्या आवाजावरून बेअरिंग कुठलं जातंय ते सांगायचे, शेजारी उभं राहिलेल्या पोराला कान लावायला सांगायचे, "हा बघ, हा कोरडा आवाज" म्हणायचे. पण पोर्टलवर त्यांचे तास शून्य, लाल रंगात, लॉगिनच केलं नव्हतं. रिटायर झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि लर्निंग झोनमध्ये फोटो, मागे मखर आलंय. हँडओव्हरला अर्धा दिवस ठेवला होता, तोही केक कापण्यातच गेला. आता प्रेसने आवाज केला की सुपरवायझर काकांना कळव्याला व्हिडिओ कॉल लावतो, मोबाईल मशीनला चिकटवून धरतो, काका नातवाला गप्प करून ऐकतात आणि सांगतात. हे कॉल रेकॉर्ड करून ठेवावेत असं अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही, पण कॉलचे तास सुपरवायझरच्या 40 मध्ये धरता येतील का, ते एचआरला मेल करून विचारलंय.