नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक?

‘वनस्पतींचे अर्क नैसर्गिक असल्याने चालू गोळ्यांसोबत बिनधास्त घ्यावेत’ हे तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. माझ्या आईला मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारी गोळी चालू आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली गुडमार या साखरेवरच्या वनस्पतीची पूड आणि रोज सकाळी कारल्याचा रस तिने आपल्या मनानेच सुरू केला. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधण्याच्या गडबडीत जेवायला दोन वाजले. कांगलां ही रानफळं दोरीला बांधता बांधता तिचे हात थरथरायला लागले, घामाने पातळ भिजलं, बोलणं तुटक झालं. मशीनवर साखर ५४! पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा कुठे जीवात जीव आला. डॉक्टरांना तिने रसाचं सांगितलंच नव्हतं, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हतंच.

मी झाडपाल्याच्या विरोधात मुळीच नाही. गुडमारचं पान चावून वर साखर खाऊन बघा, वाळू चघळल्यासारखी लागते, इतका त्याचा गुण खरा. मधुमेहाच्याच मेटफॉर्मिन या औषधाचं मूळसुद्धा गॅलेगा नावाच्या वनस्पतीतच सापडतं. पण गोळीत किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं, पुडीतल्या चमच्यात किती उतरलं ते कोण सांगणार? लेखात निदान एवढं तरी घाला: साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि साखर ७०च्या खाली गेली तर काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.