‘पायलटची नोकरी कधीच जात नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. देशाला ३०,००० पायलट हवेत, एक एअरलाइन बुडाली तर दुसरी घेते, लहान गावांच्या विमानसेवेला सरकारचा आधार आहे, शिवाय पायलटला वर्षभराच्या नोटिशीचं संरक्षण आहे; तेव्हा मंदी येवो नाहीतर काही होवो, ही नोकरी पक्की. मुलाला गोंदियाला किंवा बारामतीला फ्लाइंगसाठी पाठवायचं म्हणून जमीन गहाण ठेवणारे आईबाप हे वाचतात. म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

३०,००० हा आकडा खोटा नाही. नागरी उड्डाण मंत्री राममोहन नायडू यांनी तो २०२५ मध्ये सांगितला, पण पुढच्या १५ ते २० वर्षांसाठी. म्हणजे वर्षाला दीड ते दोन हजार. एकट्या २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी उड्डाणाच्या सरकारी नियामकाने, १,६२२ सीपीएल (व्यावसायिक पायलटची लायसन्स) दिले. नवे लायसन्सवाले मागणीच्या आसपास आहेतच, आणि हा हिशोब तेजीतला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा पायलट कमी पडले, हे खरं. पण विश्रांतीचे नवे नियम लागू होताना कंपनीने पुरेशी तयारी केली नव्हती. नुकताच उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण करून आलेला मुलगा ती जागा लगेच भरू शकत नाही.

‘दुसरी एअरलाइन घेते’ हा दावा सगळ्यात जास्त फसवा आहे. पायलटला नोकरी मिळते ती विमानाच्या टाइपवर, म्हणजे तो कोणत्या प्रकारचं विमान उडवतो त्यावर. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, त्याआधी महिनोन्‌महिने पगार थकले होते. तिच्या बोइंग ७३७ च्या बऱ्याच पायलटांना स्पाइसजेटने घेतलं, कारण जेटची ७३७ विमानंही तिने भाड्याने घेतली होती. एटीआर, म्हणजे लहान मार्गांवरची पंख्याची विमानं, उडवणाऱ्यांसाठी मात्र दारं मोजकीच होती. एटीआरचा कॅप्टन ए३२० या एअरबसच्या जेट विमानाच्या कंपनीत जायचं म्हणाला तर आधी टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), मग सिम्युलेटर, मग प्रशिक्षकाबरोबर प्रवासी उड्डाणांवर लाइन ट्रेनिंग, आणि बहुतेकदा कॅप्टनची डावी सीट सोडून पुन्हा को-पायलटच्या उजव्या सीटवर. सीनिऑरिटी रुजू झाल्याच्या तारखेपासून नव्याने. शिवाय घरी बसलेल्या पायलटचं लायसन्स आपोआप ताजं राहत नाही. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग, दर सहा महिन्यांनी प्रोफिशियन्सी चेक, मेडिकल, हे सगळं लागतं. कंपनी असताना तो खर्च कंपनीचा. ती बंद पडली की सिम्युलेटरचे पैसे स्वतःच्या खिशातून, तेही पगार बंद असताना. आणि २०२० मध्ये सगळ्याच कंपन्या एकदम थांबल्या, तेव्हा घेणारी ‘दुसरी’ कुठून येणार होती?

सरकारी आधाराबद्दल नांदेडकरांना विचारा. २७ एप्रिल २०१७ ला लहान गावांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी ‘उडान’ योजनेच्या पहिल्या उड्डाणांत हैदराबाद–नांदेड होतं, ते ट्रूजेट चालवायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट बंद पडली. त्याच योजनेखाली मुंबई–जळगाव उडवणाऱ्या एअर डेक्कनने एप्रिल २०२० मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवून काम थांबवलं. उडानचा व्हीजीएफ, म्हणजे तोटा भरून काढणारं अनुदान, तीन वर्षांसाठी असतो. ते संपल्यावर रूट स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत (उडान-३) दिलेल्या ७७४ पैकी ४०३ रूट सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ रूटनी, आणि त्यानंतर टिकले फक्त ५४. प्रादेशिक पायलटची नोकरी याच रूटांवर उभी असते. विमानं थोडी आणि बहुतेक भाड्याची. एक एटीआर भाडेकंपनीकडे परत गेलं, की त्यामागच्या कॅप्टन-को-पायलटच्या चार-पाच जोड्यांचं काम गेलं.

नोटिशीचं म्हणणं तर उलटंच आहे. डीजीसीएने २०१७ मध्ये कमांडरसाठी, म्हणजे कॅप्टनसाठी, एक वर्षाची आणि को-पायलटसाठी सहा महिन्यांची नोटीस ठरवली, ती पायलट पटकन सोडून जाऊ नयेत म्हणून. कंपनीच बुडाली तर ती नोटीस घेऊन पगार कुणाकडे मागायचा? आणि कामावरून न काढताही माणूस बसवता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पाइसजेटने सुमारे ८० पायलटांना तीन महिने बिनपगारी रजेवर पाठवलं, त्यात लहान गावांना जाणाऱ्या बॉम्बार्डियर विमानांचे पायलटही होते. थकबाकीसाठी झगडणाऱ्यांची वाट किती लांब असते बघा: जेट २०१९ मध्ये थांबली, सुप्रीम कोर्टाने तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश दिला ७ नोव्हेंबर २०२४ ला.

परदेशाचा पर्यायही मेसेज सांगतो. ब्रिटनची मोठी प्रादेशिक कंपनी फ्लायबी ५ मार्च २०२० ला बुडाली, पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा बुडाली. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्येच कंपास आणि ट्रान्स स्टेट्स या प्रादेशिक कंपन्या बंद झाल्या, आणि तिथे कपात सीनिऑरिटीच्या यादीत खालून सुरू होते.

ज्यांना उडायचंच आहे त्यांनी जरूर उडावं. २०२० नंतर ज्यांनी लायसन्स जिवंत ठेवलं, त्यातल्या अनेकांना पुढे नोकऱ्या मिळाल्याही. पण ती वर्षं काढायला घरात पैसा लागला. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एवढं तरी मांडा: प्रशिक्षण आणि टाइप रेटिंगनंतर दोन वर्षं नोकरी नसली, तर हप्ता कोण भरणार, आणि सिम्युलेटरचे पैसे कुठून येणार.