उपाशी मराल म्हणे चीनमध्ये!

‘चीनला एकट्याने जाणाऱ्यांनी वाचाच’ हा मेसेज मला आत्तापर्यंत चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी तर मी अकरा दिवस एकटी फिरून परत आल्यावर! मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: शाकाहारी माणूस तिथे उपाशी मरतो, कुत्री-विंचू खावे लागतात, नोटा कुणी घेत नाही आणि परदेशी माणसाला मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, भाषेवाचून पाऊल अडतं, भारतीय म्हटलं की लोक तोंड फिरवतात, एकट्या बाईने तर विचारही करू नये. ‘चंद्रावरून दिसणारी भिंत’ मात्र अप्रतिम.

आधी भिंत, कारण ती लवकर आटोपते. चंद्र राहू द्या, २००३ साली अंतराळात गेलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनीच परतल्यावर सांगितलं की भिंत काही दिसली नाही. लांबी हजारो किलोमीटर, पण रुंदी आपल्या गल्लीएवढी. दिसणार कशी?

आता जेवण. इथे मेसेज अर्धा खरा आहे, पण चुकीच्या कारणासाठी. पहिल्याच संध्याकाळी मी परतलेल्या हिरव्या शेंगा मागवल्या, ‘मांस नको’ असं फोनवर भाषांतर करून दाखवलं. शेंगा आल्या, वर खिमा भुरभुरलेला. वाढणाऱ्या बाईंना माझी तक्रारच कळेना. खिमा त्यांच्या लेखी चवीपुरता, आपण फोडणीत हिंग घालतो तसा. दुसऱ्या दिवसापासून मी ‘मांस नको’ म्हणणं सोडलं आणि ‘वो छ सू’ म्हणायला लागले. ‘सू’ म्हणजे शाकाहार, आणि या शब्दाला बौद्ध मठांची परंपरा आहे. त्यातल्या कडक ‘सू’मध्ये कांदा-लसूणही वर्ज्य! चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदाच चीनबद्दल बरा शब्द काढला. बीजिंगमध्ये योंगहगोंग मठाच्या आसपास अशी उपाहारगृहं आहेत. एरवी ‘दी सान श्येन’ मागवावं: बटाटा, वांगं, ढोबळी मिरची. रस्सा कशाचा आणि तेल कुठलं याची हमी मात्र कुणी देणार नाही. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी दशम्या न्याव्यात. गरम पाणी स्टेशनात, गाडीत, सगळीकडे फुकट मिळतं.

आणि कुत्री? २०२० साली शेनझेन शहराने कुत्र्या-मांजरांचं मांस खाण्यावर बंदीच घातली. काडीला टोचलेले विंचू मुख्यतः पर्यटकांच्या फोटोंसाठी असतात.

पैशांचं म्हणणं तर सरळ शिळं आहे. मोबाइलवरून पैसे देण्याच्या अलीपे आणि वीचॅट या तिथल्या अ‍ॅपना २०२३ पासून परदेशी कार्ड जोडता येतं. अलीपेवर २०० युआनपर्यंत जादा आकार नाही, त्यापुढे ३ टक्के. नोटा नाकारणं तिथे नियमबाह्य आहे. अडचण असते ती सुट्या पैशांची. भाजलेली रताळी विकणाऱ्या आजींना मी १०० युआनची नोट दिली, तर त्यांनी हसून गाडीला टांगलेला क्यूआर कोड दाखवला. अगदी आपल्या भाजीवालीसारखा.

खरी गोची मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलीच नाही. तिथे तुमचा जीव फोनच्या बॅटरीत असतो. पैसे, नकाशा, भाषांतर, सगळं त्यातच. पॉवर बँक भाड्याने जागोजागी मिळते, पण ती घ्यायलाही चालू फोन लागतो! तेव्हा स्वतःची न्या. अ‍ॅप घरूनच सुरू करा, कार्डावर परदेशातला वापर चालू करा, आणि भारतीय सिमचं रोमिंग घ्या, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर बंद असतात, रोमिंगवर चालतात. म्हणजे तो मेसेज चीनमधून पुढे ढकलायलाही रोमिंग हवंच.

भाषेचं खरं आहे, इंग्रजी फारसं कुणाला येत नाही. पण मेट्रोच्या पाट्या इंग्रजीतही असतात आणि रेल्वेला पासपोर्ट हेच तिकीट. यंत्राने तो वाचला नाही तर माणूस बसलेल्या फाटकातून जायचं.

‘भारतीयांचा द्वेष’ वाचून मात्र राग आला. एका हॉटेलने मला रात्री दारातून परत पाठवलं हे खरं. पण ते परदेशी पासपोर्टची पोलिसांकडे नोंद करायच्या कटकटीपायी. असं नाकारू नका, असं सरकारने २०२४ मध्ये हॉटेलांना बजावलंय. उलट मी बीजिंगहून वेगवान गाडीने शिजियाझुआंगला गेले, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीपाशी. चीन-जपान युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ मध्ये चीनला गेलेले, १९४२ मध्ये चीनमध्येच वारले, वय अवघं ३२. पुतळ्यापाशी फुलं होती. एका आजोबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, “यिंदू?”, म्हणजे भारत? मी मान डोलावली. मग पुतळ्याकडे बोट, “क दिहुआ.” कोटणीसांचं चिनी नाव. सीमेवरचं भांडण त्यांनाही ठाऊक असणारच.

बाईने एकटीने जाण्याबद्दल एवढंच: रात्री नऊला चौकात स्पीकर लावून पन्नास-साठ आज्या रांगेत नाचत असतात. मी बाजूला उभी होते, तर एकीने हाताला धरून रांगेत ओढलं.

मेसेजमध्ये काही घालायचंच असेल तर हे घाला: फॉर्बिडन सिटीची, म्हणजे बीजिंगमधल्या जुन्या राजवाड्याची, तिकिटं पासपोर्ट नंबर टाकून आधी ऑनलाइन काढावी लागतात आणि सोमवारी ती बंद असते. मी रविवारी पोचले, तिकिटं संपलेली. सोमवारी मागच्या जिंगशान टेकडीवर चढून पिवळी छपरं तेवढी पाहून आले.