उद्यमनगरात उतरलेली बोट

कोल्हापुरात समुद्र नाही, पण समुद्राविषयी मत नसलेला माणूसही नाही.

आमचे साडूभाऊ मालवणचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे त्यांची बोट तेव्हा किनाऱ्यावर ओढलेली असते आणि तिची सगळी दुखणी त्याच दिवसांत वर येतात. यंदा फोन आला, "रिव्हर्स पडना नाय. नवीन गिअरबॉक्स घेव, काय ह्योच दुरुस्त करू? तुमच्याकडे उद्यमनगर आसा मां, जरा दाखवा." पाठोपाठ फोंडा घाट चढून आलेल्या टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड दारात उतरलं. खारं पाणी, डिझेल आणि बांगडा असा तिहेरी वास. बायको म्हणाली, "माझ्या बहिणीचं आहे म्हणून गप्प बसते."

शिवाजी उद्यमनगरात 'टाकून द्या' हा सल्ला मिळत नाही. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना भंगार ही कल्पनाच मान्य नसते. मिस्त्रींनी ड्रेनचा नट सैल केला. डब्यात उतरलं ते गिअर ऑइल नव्हतंच, टपरीवरचा दुधाळ चहा वाटावा असं काहीतरी होतं.

"पाणी शिरलंय. कूलर गेला."

हे तेल थंड ठेवायला समुद्राचंच पाणी कूलरमधून फिरवतात. खाऱ्या पाण्यानं आतली नळी खाल्ली की ते थेट तेलात. म्हणजे नवा गिअरबॉक्स घेऊन जुनाच कूलर जोडला असता, तर नव्याचंही हेच झालं असतं. साडूंचे पैसे वाचले या आनंदात मी सगळ्यांना खरोखरीचा चहा सांगितला. चहा आला आणि बघेही आले.

"कुठल्या गाडीचा हाय?"

"बोटीचा."

"बोटीला गिअर कशाला? पाण्यात काय घाट लागतोय व्हय?"

मी समजावलं, की बोटीला ब्रेक नसतो. थांबवायची तर रिव्हर्सच टाकायचा. सगळे गप्प झाले.

"ब्रेक न्हाई? आन् माणसं बसत्यात?" एकजण म्हणाला. दुसऱ्याला मात्र यंत्रणा एकदम पटली. "म्हंजे खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!"

पलटी हा शब्द या कामात वापरू नये, एवढंच मी सुचवलं.

एका तरुण पोरानं मोबाइलवर नवाकोरा गिअरबॉक्स शोधून दाखवला. चकाचक रंग, वर गॅरंटी. मीही वितळलो. मिस्त्रींनी फक्त रेशो विचारला, म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांना बोटीच्या पंख्याची एक फेरी.

"दोनास एक."

जुन्यावरची पट्टी घासून वाचली, तर तीनास एक. "इंजिन १८०० आरपीएमला पळालं की पंखा ६०० नं फिरतोय. ह्यो बसवला की ९००. पंखा त्योच ठिवला तर इंजिन काळा धूर ओकंल. मग पंखा बदला. शाफ्टची उंची जुळंना, इंजिनाचं बेड उचला. बोल्टाची भोकं जुळंनात, मधी प्लेट करा."

"त्यापरीस बोटच नवी घ्या की," मागून कुणीतरी म्हणालं.

मग पेटी उघडली. मिस्त्रींनी गिअर हातात घेतला, चिंधीनं पुसला आणि एकेका दातावरून अंगठ्याचं नख फिरवलं. घासल्याचा चकचकीत पट्टा प्रत्येक दाताच्या मधोमध, सारख्या रुंदीचा. "ह्यो अजून आपल्याला पोचवंल," ते म्हणाले. बेअरिंग बोटावर गर्रकन फिरवून स्वतःच्या कानाशी नेलं, मग माझ्या. खरखर. मला कळली नाही, तरी मी चेहरा गंभीर केला. "६२०६ नंबरचं. कुठंबी मिळतंय." क्लचप्लेटा जळून काळ्या पडलेल्या, म्हणून रिव्हर्स धरत नव्हता. ऑइल सीलनं शाफ्टवर बारीक चर पाडलेली. तिथं मेटल चढवून ग्राइंडिंग.

दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपलीकडं गेली तर करू नये, हा मिस्त्रींचा नियम. आमची निम्म्याच्या थोडी अलीकडं बसली. आकडा सांगण्याआधी त्यांनी नव्याची किंमत दोनदा विचारली होती, हे मी साडूंना कळवलं नाही.

पुढं काम उत्तम झालं. मिस्त्रींनी फोनवर मालवणला वर सूचनाही दिल्या: "गिअरबॉक्स आन् शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगची लाइन किनाऱ्यावर पक्की करू नका. बोट पाण्यात तरंगली की तिचं अंग जरा बदलतंय. मगच फिलर गेज, म्हंजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून फट चारी बाजूंनी सारखी करा." पलीकडं ज्याचा जन्म समुद्रात गेला तो माणूस निमूट 'होय, होय' म्हणत होता. मिस्त्रींनी समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याला, देवदर्शनाला गेले तेव्हा.

गिअरबॉक्स परत गेला. बदललेलं सामान मिस्त्रींनी पिशवीत भरून माझ्या हाती दिलं, नंतर कुणी 'बदललंच नाही' म्हणायला नको म्हणून. साडूंना विचारलं, पाठवू का? "नको, तुमच्याकडेच ठेवा. उपयोगाक येतले." बायकोनं दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं पिशवीत हात घातला, बेअरिंग काढलं, बोटावर फिरवून कानाशी नेलं.

"वहिनी, चांगलं हाय की ह्ये. टाकताय कशाला?"