"साधा मोवरचा प्लग धड देता येत नाही": या एक स्टारवर मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही परत आणलेला, गवत कापायच्या मोवरचा स्पार्क प्लग गल्ल्याशेजारच्या डब्यात सापडला, तो दिव्याखाली धरून बघितला आणि गप्प बसलो.

तुमच्या तक्रारी चार. लॉन मोवरचा प्लग मागितला तर मी "जुना आणलाय का, इंजिन कुठलं" अशी उलटतपासणी घेतली. मी जेवायला गेल्यावर पोराने दिलेला प्लग बसवला, तर दोरी ओढताच खट् आवाज होऊन मशीन अडकलं. परत करायला आलात तर "तुम्हीच पाडला असेल" हे ऐकावं लागलं. शेवटी तुमच्या माळीबुवांनी जुन्या चेतक स्कूटरचा प्लग दोन वॉशर घालून बसवला आणि मोवर फुकटात सुरू झालं.

तिसरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे आम्ही साफ चुकलो. प्लग हातातून पडला तर बहुतेक वेळा चिनीमातीचा टवका उडतो, नाहीतर टोकाची वाकडी पट्टी एका अंगाला कलते. तुमच्या प्लगची चिनीमाती नवीकोरी आहे. पट्टी मात्र सरळ वरून दाबली जाऊन मधल्या टोकाला टेकलीय, ठिणगी पडायची गॅप शून्य, आणि पट्टीच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढा चकचकीत ठोका आहे. हे फरशीचं काम नाही. आत पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला लागलाय. तुम्हाला खोटं पाडलं त्याबद्दल माफी मागतो. पैसे पूर्ण परत, बिल नसलं तरी चालेल.

आता हे झालं कसं. जूनचा पहिला पाऊस पडला की वर्षभर जिन्याखाली पडलेली सगळी मोवर एकाच आठवड्यात बाहेर येतात, आणि नाना पेठेत आमच्यासमोर रांग लागते. पोराने "टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?" एवढंच विचारलं, तुम्ही फोर म्हणालात, त्याने एनजीके कंपनीचा बीपीआर६ईएस दिला. प्लग चांगला आहे, होंडाच्या जीएक्स१६० इंजिनाला तोच लागतो. पोराला मी बोललो नाही. त्या खोक्यावर 'फोर स्ट्रोक मोवर' अशी चिठ्ठी मीच माझ्या अक्षरात चिकटवली होती. आज सकाळी फाडली.

तुम्ही रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोत इंजिनवर ब्रिग्ज कंपनीचं नाव दिसतंय, आणि वर गार होण्यासाठी पात्या असलेली चपटी पाटी, म्हणजे हेड, बोल्टांनी आवळलेली आहे. डोक्यावर व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाला असतं तसं रॉकरचं झाकण नाही. म्हणजे हे जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन, व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला. हेही फोर स्ट्रोकच. पण याला आखूड आट्यांचा प्लग लागतो, चॅम्पियन कंपनीचा आरजे१९एलएम. त्याचे आटे साडेनऊ मिलिमीटर, आम्ही दिलेल्याचे १९. गंमत अशी की दोघांचा व्यास १४ मिलिमीटरच आणि पानाही एकच लागतो. भोकात दोन्ही सुरेख फिरतात, हाताला काही कळत नाही. जो चुकीचा आहे तो साडेनऊ मिलिमीटर जास्त आत जाऊन बसतो.

माळीबुवांचं डोकं चांगलं चालतं, हे मान्य. चेतकच्या प्लगचे आटे १२.७, म्हणजे जास्तीचे तीनेक मिलिमीटर, ते दोन वॉशरनी खाल्ले. लांबीचा हिशेब जुळला. उष्णतेचा जुळला नाही. स्कूटरचा प्लग थंड जातीचा, म्हणजे टोकाची उष्णता पटकन बाहेर टाकणारा असतो. मोवरचं इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर घरघरतं, तिथे प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर गेलं नाही तर साचलेला कार्बन जळत नाही. चारपाच वेळा गवत कापून झालं की मशीन मिस मारायला लागेल, प्लग काढाल तर काजळीने काळा, शॉर्ट झालेला. वॉशरमधून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबही गळू शकतो. (आकडे बघून कोणी फसू नका. एनजीकेत आकडा मोठा तसा प्लग थंड, चॅम्पियनमध्ये मोठा तसा गरम. दुकानदारसुद्धा यात गोंधळतात.)

पहिल्या तक्रारीवर मात्र माघार घेणार नाही. "मोवरचा प्लग द्या" म्हणजे "माणसाची चप्पल द्या" असं झालं. जुना प्लग नाहीतर इंजिनचा नंबर मी यापुढेही विचारणार, माझा सूर तिरकस लागला असेल तर तो सुधारतो.

आरजे१९एलएमचे दोन नग तुमच्यासाठी बाजूला काढलेत. या, एक घेऊन जा, पैसे नकोत. गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.७६ मिलिमीटर करून देईन, पण घरी नेताना पट्टीला धक्का लावू नका. बसवताना आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा फेरा, बस. लांब दांड्याचा पाना घेऊन जोर केलात तर अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातील, आणि ते काम माझ्या दुकानात होत नाही. जमलं तर मोवरही घेऊन या. ठोका व्हॉल्व्हला बसला असेल तर दोरी ओढताना हाताला कॉम्प्रेशन ढिलं लागेल, पाच मिनिटांत कळतं. तसं निघालं तर दुरुस्तीचं मी बघतो.

दुपारी एक ते साडेतीन बंद असतो, तेवढं सांभाळून या. तोपर्यंत गवत कापायचंच असेल तर चेतकच्याच प्लगवर कापा. फक्त माळीबुवांना सांगा, वॉशर काढायचे झाले तर प्लगसकट काढा, एकटा वॉशर काढून प्लग परत आवळू नका.