सर्वानुमते खुनी

डब्लिनमधल्या आमच्या मराठी वाचनकट्ट्याचा एक दुष्ट नियम आहे. ज्याच्या घरी कट्टा, त्यानेच चर्चेनंतर पुस्तकाविषयी 'सर्वांचं मत' एका परिच्छेदात लिहून ग्रुपवर टाकायचं. या खेपेला पाळी माझी होती आणि पुस्तक होतं आयरिश लोककथांत बुडवून काढलेली एक खूनकथा. नाव सांगत नाही, कारण काहींना ती अजून वाचायची आहे आणि काहींनी ती वाचली असल्याचं सांगून ठेवलंय.

कथा अशी. क्लेअर काउंटीतल्या खेड्यात, पऱ्यांचं घर मानल्या जाणाऱ्या, शेतामधल्या जुन्या गोल मातीच्या गढीत, एकट्या हॉथॉर्नच्या झाडाखाली तरुण सून मरून पडलेली सापडते. मुठीत एक फणी. गावकरी म्हणतात, 'त्यांनी' नेली. 'ते' म्हणजे पऱ्या. इथल्या परीला पंख, छडी, चमचमता झगा यातलं काही नसतं. ती चिडकी असते, तिच्या वाटेत बांधकाम केलेलं तिला खपत नाही आणि तिचं नाव न घेता 'ती भली मंडळी' असं म्हणायची रीत आहे. शेवटच्या पानावर लेखिका खुनी परी की माणूस हे सांगतच नाही. म्हणजे ते काम माझ्याकडे आलं.

पहिला अडथळा प्रतींचा. सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या काकूंनी वाचनालयाची प्रत नेली होती. आयर्लंडच्या सार्वजनिक वाचनालयांनी उशिराचा दंड 2019 पासून बंद केलाय, हे त्यांना कोणीतरी सांगितलं. सांगणारा सापडला तर पुढचा खून तिथेच होईल. बाकीच्यांनी मग काकूंच्या तोंडून ऐकूनच मतं बनवली.

काकूंचं मत मात्र तपशीलवार होतं. "मला एक सांग, फणी मिळाली पहिल्या प्रकरणात, आणि तिच्यावरचे केस तपासायला हे गार्डावाले पोलीस अर्ध्या पुस्तकापर्यंत थांबतात? आमच्या सोसायटीचा वॉचमन याहून हुशार आहे."

मी सांगितलं की फणी बॅन्शीची आहे असा गावाचा संशय असतो. बॅन्शी म्हणजे मरण येणार असलं की घराबाहेर रडणारी, रुपेरी केस विंचरणारी बाई. वाटेत पडलेली फणी म्हणूनच इथे उचलत नाहीत. बॅन्शी सगळ्यांसाठी रडतही नाही, फक्त जुन्या घराण्यांसाठी रडते, आडनावाला 'ओ' किंवा 'मॅक' लागणाऱ्या.

"म्हणजे आपल्याला नाही," काकू सुटकेने म्हणाल्या.

मालवणच्या काकांना हे लागलं. लिओ वराडकरांच्या वडिलांचं मूळ गाव वराड, मालवण तालुक्यातलं. वराडकर 2017 साली या देशाचे पंतप्रधान झाले तेव्हापासून आयर्लंडमधल्या कुठल्याही सोयीसवलतीतून कोकणाला वगळलेलं काका चालवून घेत नाहीत. खुनाविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. "हिका राखणदारानच मारल्यान. झाडाखाली खणूचा नाय म्हणान सांगितलेला ना? मग!"

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेता येईना, कारण क्लेअरमध्ये असं खरंच घडलंय. 1999 साली लाटून नावाच्या ठिकाणी नव्या रस्त्याच्या आड एक हॉथॉर्न येत होतं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून बजावलं की मन्स्टर प्रांताच्या पऱ्या कॉनॅक्ट प्रांताच्या पऱ्यांशी लढायला जाताना या झाडापाशी जमतात, ते तोडलंत तर रस्त्यावर माणसं मरतील. अभियंत्यांनी रस्ता झाडाला वळसा घालून नेला. काकांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, एक नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं असतं तर पत्रव्यवहार वाचला असता.

आमच्या कट्ट्यावर एक आयटीवाला तरुण आहे, जो कादंबरीसुद्धा चुका शोधण्यासाठी वाचतो. इथे 1937 ते 1939 या काळात शाळेतल्या सुमारे पन्नास हजार मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, नवस, औषधं, भुतंखेतं लिहून आणली. तो सगळा संग्रह आता इंटरनेटवर आहे. गड्याने तो चाळला होता. त्याची तक्रार अशी, की नायक नोव्हेंबरमध्ये रानातल्या ब्लॅकबेरी खातो. हॅलोविनच्या रात्री पूका नावाचं भूत त्यांच्यावर थुंकतं, काही गावांत थुंकण्यापेक्षा वाईट करतं, त्यानंतर त्या कोणी तोंडात घालत नाही. "खुनाचं ठीक आहे," तो म्हणाला, "पण हे पटत नाही."

शेजारच्या आयरिश आजींना मी साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. त्या मूळच्या क्लेअरच्याच. पुस्तक त्यांनी एका रात्रीत संपवलं होतं आणि त्यांचा राग वेगळाच होता. पान दहावर मुलगी मरते आणि पान चाळीसपर्यंत त्या घरी एकही शेजारीण सँडविचची थाळी घेऊन येत नाही. असं गाव आयर्लंडमध्ये नाही. धुकंही फार, म्हणाल्या, आणि पाऊस अगदीच कमी. बॅन्शीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आता तिची गरज काय? स्थानिक रेडिओवर मेलेल्यांची नावं रोज वाचतात, दफन किती वाजता तेही सांगतात.

"पण पऱ्यांना मानता का तुम्ही?" काकूंनी थेट विचारलं. मी भाषांतर केलं.

"छे, मुळीच नाही," आजी म्हणाल्या. "पण आहेत त्या."

काकू आणि त्यांची त्या क्षणी मैत्री झाली.

मला स्वतःला मात्र ते संदिग्ध पान पटलं नाही, आणि त्याचं कारण टिपररी काउंटीत आहे. मार्च 1895 मध्ये बॅलीव्हॅडली इथे ब्रिजेट क्लिअरी नावाची बाई आजारी पडली. शिवणकाम करणारी, कोंबड्या पाळून चार पैसे स्वतःचे राखणारी. नवरा मायकेल म्हणू लागला की ही माझी बायको नव्हेच, पऱ्यांनी तिला नेऊन तिच्या जागी ही ठेवलीय, ही तिच्याहून दोन इंच जास्त उंच आहे. घरचे लोक हजर असताना त्याने तिला जाळून मारलं. नंतर तो गढीपाशी जाऊन बसला, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. कोर्टाने त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा दिली आणि 1910 मध्ये तो सुटला. हे ठाऊक असलं की 'कदाचित परीनेच' हा शेवट गूढ वाटत नाही, आरोपीच्या वकिलाचं भाषण वाटतं. इतकं बोलून मी थांबलो तेव्हा खोलीत कोणी बटाटेवडा चावतसुद्धा नव्हतं. यजमानाने असलं काही बोलायचं नसतं.

शेवटी मतदान घेतलं. परी आणि राखणदार ही मतं एकत्र धरावीत का, यावर वाद झाला. काका म्हणाले, खाती वेगळी आहेत. आजींनी परीला मत द्यायचं नाकारलं, पण विरोधात द्यायलाही हात वर करेनात. काकूंनी सासूवर संशय घेतला, जी कादंबरीत चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. आयटीवाला तटस्थ राहिला, पुरावा अपुरा म्हणून.

नवरा आणि भली मंडळी यांची मतं सारखी पडली. निर्णायक मत कॉर्कहून गाडी चालवत असलेल्या डॉक्टरसाहेबांनी फोनवर दिलं. पुस्तक त्यांनी उघडलेलं नव्हतं, विषयही त्यांना मीच तेव्हा सांगितला.

"बायको मेलीय ना? मग नवराच," ते म्हणाले. "वडे उरलेत का?"