ह्युएनत्संगाला हसावं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘जर्नी टू द वेस्ट : कॉन्करिंग द डीमन्स’ या स्टीफन चावच्या 2013 च्या चित्रपटाचं मी कौतुक केलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. ज्यानं पुलकेशीच्या काळातला महाराष्ट्र पाहून इथली माणसं उपकाराची जाण ठेवणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत असं लिहून ठेवलं, त्या थोर चिनी भिक्षू ह्युएनत्संगाचा विदूषक केलाय. त्याला प्रेमात पाडलंय. आणि लहान मुलीच्या मरणाला लागून विनोद ठेवलाय.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘मुलांना घेऊन बघा’ असं मी लिहायला नको होतं. सुरुवातीलाच कोळ्यांच्या वस्तीत जलराक्षस एका चिमुरडीच्या बापाला तिच्या डोळ्यांदेखत गिळतो, आणि पुढे तीही वाचत नाही. तुमचा भाचा रात्रभर झोपला नाही हे वाचून मला फार वाईट वाटलं. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

पण तो प्रसंग उथळ आहे, हे मला मान्य नाही. राक्षस जमिनीवर येऊन माणसाच्या रूपात उभा राहतो, तेव्हा हा तरुण ह्युएनत्संग त्याच्यासमोर बालगीतांचं पुस्तक उघडून गाऊ लागतो. राक्षसाच्या आत कुठेतरी चांगुलपणा असणार, तो गाण्यानं जागा होईल, हा त्याचा विश्वास. राक्षस त्याला बेदम मारतो. आपण हसतो, आणि ती मुलगी आठवली की हसू घशातच अडकतं. मूळ कथेतला हा राक्षस तरी कुठे सौम्य आहे? तिथे तो वाळूच्या नदीत राहतो आणि खाल्लेल्या यात्रेकरूंच्या नऊ कवट्या गळ्यात घालतो.

आता विटंबनेबद्दल. इथे इतिहासातला माणूस आणि कथेतला माणूस वेगळे ठेवायला हवेत. इतिहासातला भिक्षू साधारण 629 मध्ये एकटा निघाला, नालंदेत शिकला आणि 645 मध्ये शेकडो ग्रंथ घेऊन परतला. असा खंबीर माणूस विरळाच. हा चित्रपट ज्या कथेवर बेतलाय ती ‘शी यौ जी’ ही शंभर प्रकरणांची चिनी कादंबरी 1592 मध्ये छापली गेली, आणि तिच्यात हाच भिक्षू पदोपदी घाबरतो, रडतो, राक्षसांच्या थापांना भुलून आपल्याच वानरशिष्याला हाकलून देतो. एकदा तर नदीचं पाणी पिऊन त्याला दिवस जातात! वानर बुद्धाच्या बोटाला खांब समजून तिथेच लघवी करतो. आणि इतक्या संकटांतून गेल्यावर बुद्धाच्या दारात काय होतं? बुद्धाचे शिष्य काश्यप आणि आनंद भेटवस्तू मागतात, ती मिळत नाही म्हणून कोऱ्या पोथ्या हातात ठेवतात. शेवटी भिक्षूला आपलं भिक्षापात्र द्यावं लागतं, तेव्हा कुठे अक्षरं असलेले ग्रंथ मिळतात. चीनमध्ये पिढ्यान् पिढ्या हे सारं हसत हसत वाचलं गेलं आहे. चावनं विनोद बाहेरून आणून चिकटवलेला नाही, तो या कथेच्या रक्तातच आहे.

प्रेमाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहू द्या, कारण चित्रपट मला आवडला तो त्यासाठीच. चित्रपट तुम्ही मध्येच बंद केला असं तुम्ही लिहिलंय, म्हणून शेवट सांगावा लागतोय. राक्षस पकडणारी दुआन याच्यावर जीव टाकते. सर्वांवरचं प्रेम मोठं आणि बाईवरचं लहान, असं म्हणत हा तिला नाकारत राहतो. तुझ्यात एवढंसं काहीतरी कमी आहे, असं त्याचे गुरू सांगतात, ते काय हे त्याला उमगत नाही. रागाच्या भरात दुआन त्याचं ते बालगीतांचं पुस्तक टराटरा फाडते. नंतर स्वतःच तुकडे जुळवून ते परत देते, पण तिला वाचता येत नाही, म्हणून अक्षरं वाटेल तशी लागलेली असतात.

मग वानर, जो पुढे याचा शिष्य होणार आहे, तिला मारतो. ती जाताना हा पहिल्यांदा कबूल करतो की पाहिल्या क्षणापासून तुझ्यावर प्रेम होतं. आणि तिनं जुळवलेलं ते पुस्तक उघडतो, तर त्या विस्कटलेल्या अक्षरांतून बुद्धाचं सूत्र तयार झालेलं असतं. त्या निरक्षर मुलीच्या हातून! पाचशे वर्षं कोंडून ठेवलेला वानर त्या सूत्रापुढे हरतो. त्याला काबूत ठेवायला त्याच्या डोक्यावर बसणारं कडंही दुआनचंच. कादंबरीत ते कुआनयिन देवीकडून येतं. म्हणजे इथून पुढे पश्चिमेच्या सगळ्या वाटेवर ती त्याच्यासोबत आहे.

याला तुम्ही भिक्षूचं पतन म्हणता. मला तर तो याच क्षणी भिक्षू झालेला दिसतो. ज्याला एका माणसाचं जाणं सोसावं लागलेलं नाही, तो सगळ्या जगाच्या दुःखाबद्दल काय बोलणार? बालगीतं गाणारा तो भाबडा पोरगा आधी दाखवला नसता, तर या प्रसंगाला काही वजनच आलं नसतं.

एका जागी मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. मधल्या भागात दुआनचे सोबती नाटक करून त्याला जाळ्यात ओढतात ते प्रसंग लांबलेत, आणि लेखात मी त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

जमलं तर भाचा झोपल्यावर उरलेला भाग बघा, निदान शेवटची वीस मिनिटं. मग पुन्हा लिहा, तेव्हाही पटलं नाही तरी लिहा.